मिठाची वीट आणि मीटरमावशी

मीटरमावशीला कुणी नवं माणूस भेटलं की ती आधी त्याच्या पोटऱ्यांकडे बघायची, तोंडाकडे नंतर. माणूस जिन्यावर वाढलाय की लिफ्टमध्ये, ते पोटऱ्या सांगतात, असं तिचं म्हणणं. तिच्या स्वतःच्या पोटऱ्या एके काळी खलबत्त्यासारख्या होत्या. वीज कंपनीत ती मीटर रीडर होती. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, आणि घसा असा की तिनं तळमजल्यावरून ‘मीटर’ म्हणून हाळी दिली की गच्चीवरची कबुतरं उडायची. कुत्री तिला ओळखायची, सासवा तिला ओळखायच्या, आणि कुठल्या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही हे तिला जिना चढतानाच कळायचं. कारण भांडणं दाराआड होतात, पण मीटरच्या पेट्या दाराबाहेर असतात. लोक पेटीत काय काय लपवायचे. जादाच्या किल्ल्या, बायकोपासून चोरून ठेवलेल्या सिगारेटी, नापास झालेल्या पोराची गुणपत्रिका. मावशी पेटी उघडायची, चकती फिरतेय ना बघायची, आकडा टिपायची आणि पेटी लावून टाकायची. आत दिसलेलं आतच ठेवायची. पेटी उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटात डोकावणं, ती म्हणायची, तिथलं बाहेर आणलं की घाण होते.

तिचा नियम एकच होता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. सोबतचे काही गडी चहाच्या टपरीवर बसून अख्खी गल्ली उरकायचे. मागच्या महिन्याचा आकडा घ्यायचा, त्यात अंदाजानं भर घालायची, झालं रीडिंग. मावशीला ते उंटावरून शेळ्या हाकणं वाटायचं. पेटी उंचावर असली तर ती पालथ्या बादलीवर उभी राहायची, दार बंद असलं तर पुन्हा यायची. तिचा साहेब तिला एकदा म्हणाला होता की बाई, तुम्ही देवाच्या घरचंसुद्धा रीडिंग जाऊनच घ्याल. ती म्हणाली, पेटी बाहेर असली तर घेईन.

लग्नाचं राहून गेलं. विचारायला वेळेवर कुणी आलं नाही, आणि जे आले ते बिलाची तक्रार घेऊन. मग नवे मीटर निघाले, आपला आकडा आपणच कंपनीला कळवणारे. मावशीला शेवटची वर्षं टेबलामागे बसवलं, आणि पायाला भिंगरी असलेल्या बाईला खुर्चीत बसवलं की जे होतं ते झालं. डाव्या गुडघ्यानं कुरकुर सुरू केली, उजव्यानं त्याची री ओढली. निवृत्त झाल्यावर ती धाकट्या बहिणीकडे राहायला आली, एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर. धाकटी घरीच लोकांचे कपडे उसवून-शिवून द्यायची. धाकटीची मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि उरल्या वेळात चित्रकारांच्या एका टोळीत वावरायची. लहानपणी ती इतकी गोल होती की घरात तिला बटण म्हणायचे, ते अजून म्हणतात.

डॉक्टरनं जिना वर्ज्य सांगितला होता, पण मावशी वर जात नव्हती त्याला कारण डॉक्टर नव्हता. दोनेक वर्षांपूर्वी ती कुणाच्यातरी बारशाला निघाली होती, तेव्हा दुसऱ्या मजल्याजवळ गुडघा असा अडला की वर जाता येईना आणि खाली उतरता येईना. शेवटी चौघांनी तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट धरून, ‘हळू, कोपरा सांभाळा’ असं करत, कपाट उतरवावं तसं खाली आणलं. वळणावर कुणीतरी हसलं. ते हसू मावशीनं दुखण्यापेक्षा जास्त जपून ठेवलं होतं.

या इमारतीतही मीटर सगळे प्रवेशाजवळ, एका रांगेत आणून बसवले होते. मजल्यामजल्यावरच्या लाकडी पेट्या रिकाम्या राहिल्या, आणि रिकामी जागा म्हटल्यावर लोकांनी आत झाडू, फाटके बूट, कांद्याची टोपली असं काय काय कोंबलं. जिन्याला रंग द्यायचं ठरलं, तेव्हा पेट्या काढून टाकायच्या हेही ठरलं. त्यावर बटणच्या डोक्यात आलं की काढायच्या आधी महिनाभर त्या आम्हाला द्या. एकेका पेटीत एकेक जण काहीतरी मांडेल, लोक जिना चढत चढत बघतील. मांडणशिल्प म्हणतात त्याला, तिनं सांगितलं. मावशी म्हणाली, मांडामांड म्हण.

इमारतीच्या बैठकीत सगळ्यात जास्त विरोध तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळकाकांनी केला. हे गृहस्थ निवृत्त टपाल अधिकारी, ज्यांच्या फिरायला जाण्यावर शेजारी आपली घड्याळं लावत. जिना ये-जा करायला असतो, बघत उभं राहायला नसतो, असं ते म्हणाले. मग त्यांच्याच मजल्याची पेटी घेतलेल्या मुलीनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की माझ्या मांडणीला दर तीन तासांनी कुणीतरी गरम पाणी भरावं लागेल, आणि वेळेचं भान असलेला माणूस मला मिळत नाहीये. दुसऱ्या दिवसापासून काका किटली घेऊन हजर.

मावशीला खालच्या दाराशी, नव्या मीटरांच्या रांगेपाशी खुर्ची दिली. येणाऱ्याला सांगायचं की पेटी उघडा, बघा, पुन्हा लावा, आणि थेट वरपर्यंत जा. तळमजल्याची पेटी तिच्या हाताशीच होती. तिच्यात अंबाडा बांधणाऱ्या एका उंच पोरानं तांब्याच्या तारेच्या इवल्याशा खुर्च्या रांगेत मांडल्या होत्या, वर एक बोटाएवढा दिवा. नुसती वाट बघायची खोली. मावशीनं ती पहिल्याच दिवशी बारकाईनं पाहिली आणि त्या पोराला सांगितलं की कोपऱ्यातली खुर्ची लंगडी आहे. तो म्हणाला, ती मुद्दाम आहे. ती म्हणाली, असूदे, मी फक्त दिसलं ते सांगितलं.

वरचं मात्र तिला दिसत नव्हतं. येणारे-जाणारे खाली येऊन वर्णन करत, पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. बटणनं फोनवर फोटो दाखवू पाहिले, तर मावशीनं तोंड फिरवलं. आकडा फोनवर घेत नाहीत, म्हणाली. तिला खरी उत्सुकता चौथ्या मजल्याची होती, कारण ती पेटी बटणची. आत काय आहे ते बटण सांगेना, एवढंच म्हणाली की मिठाची वीट आहे, गुरांना चाटायला देतात तसली, आणि वरून सलाइनच्या नळीतून पाणी पडतं.

“मीटरच्या पेटीत पाणी?” मावशीच्या अंगावर खरंच काटा आला.

बटण हसून म्हणाली की तिथे आता मीटर नाही, वायर नाही, काही नाही. पण मावशीला त्या रात्री नीट झोप लागली नाही. उभ्या जन्मात ज्या एका गोष्टीला ती भ्यायली ती म्हणजे पेटीजवळचं पाणी, आणि भाचीनं नेमकं तेच करावं.

धाकटी पहिल्या आठवड्यात वर जाऊन आली. सांगत होती की चांगलं आहे गं, पांढराशुभ्र डोंगर आहे, वर थेंब पडतो. मावशीनं ते ऐकून घेतलं. पुढे कुणी विचारलं की चौथ्यावर काय आहे, तर ती सांगू लागली, डोंगर आहे. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तोंडाला सवय झाली.

एका दुपारी जाड भिंगांचा चष्मा घातलेली एक बाई आली. वयानं मावशीएवढीच. कठड्याला धरून उभी राहिली आणि विचारू लागली की वर काय आहे, कारण तिचे गुडघे तिला प्रत्येक पायरीचा जाब विचारतात. चढून जावं असं काही असेल तरच ती जाईल. मावशीनं तिच्या पोटऱ्या पाहिल्या, तिला आपल्यातली ओळखली, आणि मोठ्या मायेनं सांगितलं की जा, चौथ्यावर मिठाचा डोंगर आहे, तो बघण्यासारखा आहे.

बाई गेली. किती वेळ लागला कोण जाणे, पण खाली आली तेव्हा कपाळाला घाम होता.

“डोंगर कुठाय हो?” तिनं विचारलं. “वाटी आहे तिथं. पोखरलेली. छान आहे, पण मी डोंगर शोधत उभी.”

मावशीनं वर जिन्याकडे पाहिलं.

“तुम्ही बघितलाय ना?”

“नाही.”

“मग सांगितलंत कशावरून?”

बाई काही भांडकुदळ नव्हती. जाताना पाणी पिऊन, बरं आहे म्हणून गेली. पण मावशीच्या वर्मी बसलं. अख्ख्या नोकरीत एक आकडा तिनं ऐकीव लिहिला नव्हता, आणि म्हातारपणी, सहज गप्पा मारता मारता, दुसऱ्या एका दुखऱ्या गुडघ्याला तिनं अंदाजानं चार मजले चढवलं होतं. टपरीवर बसणारे ते गडी आठवले. त्यांना ती काय काय बोलली होती तेही आठवलं.

संध्याकाळी बटण कामावरून आली, तेव्हा मावशीनं तिला गाठलं. डोंगराची वाटी कशी झाली, ते विचारलं.

“झिजतंय ना मावशी. तेच तर आहे. रोज वेगळं दिसतं.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तू फोटो बघत नाहीस.”

“किती दिवस राहील?”

बटणनं खांदे उडवले. आता आरपार भोक पडलंय, म्हणाली. परवा पडेल, उद्या पडेल. एकदा तुटलं की दुसरी वीट ठेवणार नाही.

मावशीनं जेवताना जाहीर केलं की उद्या सकाळी मी वर जाणार. धाकटीचा घास हातात राहिला. तिनं आधी प्रेमानं सांगून पाहिलं, मग डॉक्टर काढला, मग तो खुर्चीचा प्रकार काढला. ताई, मागच्या वेळी तुला कपाटासारखं आणलं, यावेळी कोण आणणार आहे, माझी कंबर गेलीय. मावशी शांतपणे जेवत होती. शेवटी म्हणाली की लोकांना मी वर पाठवते, तर वर काय आहे ते मला ठाऊक पाहिजे. नसेल तर ती खुर्ची मी सोडते, दुसरं कुणी बसवा. धाकटीला कळलं की हे नुसतं कुरकुरणं नाही.

सकाळी उन्हं जिन्याच्या जाळीतून आत आली तशी मावशी निघाली. एक हात कठड्यावर, एक भिंतीवर, उजवा पाय आधी, डावा त्याच्यामागे पाहुण्यासारखा. पहिल्या मजल्यावर पेटी उघडली तर आत कागदाची एक साधी खाकी पिशवी, आणि ती श्वास घेत होती. माशांच्या टाकीला लावतात तसला पंप मागे कुठेतरी घुरघुरत होता, पिशवी हळूहळू फुगायची, हळूहळू बसायची. मावशी समोरच्या पायरीवर टेकली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की ती आणि पिशवी एकाच चालीनं धापा टाकताहेत. तिला हसू फुटलं. म्हणाली, तुलाही चढावं लागलं का गं.

दुसऱ्या मजल्याच्या आधीच साबणाचा वास आला. तिथल्या पेटीत साबणातून कोरलेला जिना होता, बारीक पायऱ्यांचा, कुठेच न पोचणारा. पण मावशी पेटीपर्यंत जायच्या आधी वळणाच्या त्या पायरीवर आली आणि थांबली. पायाला ओळख पटली होती. गुडघ्यात कळ नव्हती, तरी पाय उचलेना. खालून अंबाडेवाला पोरगा दोन-दोन पायऱ्या टाकत आला, तिला अडलेली पाहून तिचा दंड धरायला पुढे झाला.

“हात लावू नकोस,” मावशी म्हणाली. “हात लावलास की मी फर्निचर होते.”

पोरगं शहाणं होतं. तो तिच्या बाजूच्या पायरीवर बसला आणि सांगू लागला की या साबणाच्या जिन्यावर पहिल्या आठवड्यात कुणीतरी ओलं बोट फिरवलं, तर तीन पायऱ्या गुळगुळीत झाल्या, आणि बनवणारी दोन दिवस जेवली नाही. मग तिनं ठरवलं की ज्याला बोट फिरवायचंय त्यानं फिरवावं. ऐकता ऐकता मावशीचा पाय उचलला गेला, तिला कळलंही नाही. पेटीपाशी जाऊन तिनंही बोट ओलं करून एका पायरीवर फिरवलं आणि वास घेतला. अंघोळीनंतरच्या लहान पोरासारखा वास होता.

तिसऱ्या मजल्यावर घड्याळकाका किटली घेऊन उभेच. ते तिला पाहून आश्चर्य वगैरे काही दाखवणारे नव्हते. तुम्ही वेळेवर आलात, आत्ताच भरलंय, एवढंच म्हणाले. या पेटीच्या दारात काच नव्हती, कापडाची एक बाही शिवलेली होती, कोपरापर्यंत हात घालायची. बघायचं काहीच नाही, नुसतं चाचपायचं. मावशी थबकली. न बघता काय घ्यायचं? पण काका घड्याळाकडे बघत होते, म्हणून तिनं हात घातला. आत काहीतरी लोकरीत गुंडाळलेलं, ऊबदार, हाताखाली किंचित हलणारं. गरम पाण्याची पिशवी आहे हे सगळ्या इमारतीला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तरी हात काढवेना.

“गार होतंय वाटतं तुमचं,” ती बऱ्याच वेळानं म्हणाली.

“शक्य नाही,” काका म्हणाले, आणि स्वतः हात घालून खात्री करू लागले.

शेवटचा जिना अरुंद. तो ती बसून चढली. उलटी बसून, एकेक पायरी मागे सरकत. वर बटण उभी होती, सुट्टीचा दिवस होता तिचा, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती आणि हसू एकमेकांना ढकलत होतं. तिनं पेटीचं दार उघडायला हात पुढे केला तर मावशीनं तिला मानेनंच थांबवलं. कडी तिनं स्वतः काढली.

विटेचं आता काहीच उरलं नव्हतं म्हणायचं. मधला भाग पाण्यानं खाऊन टाकलेला, आणि उरली होती एक कमान, दुधी, कडांना इतकी पातळ की मागच्या, सेलवर चालणाऱ्या दिव्याचा पिवळा उजेड तिच्यातून आरपार येत होता. नळीच्या टोकाला थेंब जमायचा, लांबट व्हायचा, सुटायचा. कमानीच्या आतल्या कडेला निसटता लागायचा आणि खालच्या डब्यात पडायचा. मग पुढचा. मावशीनं मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. वाकून खालून पाहिलं. डब्यातलं पाणी कुठे जातं ते पाहिलं. भिंत ओली आहे का ते बोटानं तपासलं.

“कसं वाटतं?” बटणनं विचारलं.

“थांब. बघू दे.”

बटण थांबली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून डोकावल्या, आतून खुर्ची आणून ठेवून गेल्या. मावशी बसली, तिचं बघणं चालूच होतं. पुष्कळ वेळानं ती म्हणाली, “पेटीत पाणी घातलंस ते मला अजून पटलेलं नाही.” तिनं कमानीकडे बोट केलं. “पण आता काय आहे ते मला ठाऊक आहे. कमान आहे. उजवा पाय डाव्यापेक्षा बारीक आहे. डोंगर नाही, वाटी नाही.”

“बरं दिसतंय का, ते सांग ना.”

“मला हलवत नाहीये इथून. आणखी काय सांगू?”

बटणनं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली, आणि बराच वेळ दोघींनी थेंब पाहिले.

खाली उतरणं चढण्याहून वाईट असतं हे गुडघेवाल्यांना सांगावं लागत नाही. मावशी म्हणाली, घाई काय आहे. तिनं दिवस वरच काढायचं ठरवलं. धाकटीनं ताट वर पाठवलं, सोबत निरोपही की आता तिथंच खोली घे. लोक धापा टाकत यायचे आणि पेटी उघडायच्या आधी खुर्चीतल्या बाईला विचारायचे. ती प्रत्येकाला त्या घटकेचं खरं सांगायची. आता उजवीकडे चीर गेलीय. आता चीर वर पोचलीय. एकानं विचारलं की ही तुमची कलाकृती का, तर ती म्हणाली की नाही, माझ्या भाचीची, हे तिचं झिजवणं आहे.

दुपार कलली. पोट भरलेलं, अंग शिणलेलं, जाळीतून ऊन थेट मांडीवर, आणि थेंबाची ती चाल. मावशीची मान आधी एकदा लवली, मग दुसऱ्यांदा, मग ती लवलेलीच राहिली. तिच्या घोरण्यावर एक-दोघं हसले, पण त्यात टोचणारं काही नव्हतं. घड्याळकाका पाण्याच्या दोन पाळ्यांमधली सवड साधून वर आले होते, त्यांनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. त्याच शांततेत ती कमान गेली.

मावशी जागी झाली ती लोकांच्या सुस्काऱ्यानं. डब्यात पांढरे तुकडे पडले होते आणि थेंब आता सरळ पाण्यात पडत होता. बटणचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

“मावशी, बघितलंस ना?”

मावशीनं डोळे चोळले. सगळे तिच्याकडे बघत होते. हो म्हणणं फार सोपं होतं.

“नाही गं,” ती म्हणाली. “डोळा लागला होता.”

बटणला हसू आवरेना. ती मावशीच्या खुर्चीच्या हातावरच कोसळली, आणि मग वहिनी हसल्या, काका हसले, आणि मावशीही.

ती उलटी उतरली, कठड्याकडे तोंड करून, शिडीवरून उतरतात तशी. बटण दोन पायऱ्या खाली होती, तिला हात न लावता. दिवे लागले तेव्हा ती तळमजल्यावर पोचली. धाकटी दारातच उभी होती, तिला वरून आधीच बातमी लागली होती.

“म्हणजे अख्खा दिवस वर काढलास आणि नेमकं तेवढंच चुकवलंस?”

“हो.”

“मग उद्या कुणी विचारलं तर काय सांगशील? अलगद पडलं म्हण, की धाडकन पडलं म्हण. कोण बघायला येतंय.”

मावशी बिछान्यावर बसली. गुडघे ठणकत होते, पण चेहरा असा होता की धाकटीला तिची नोकरीतली संध्याकाळ आठवली, पिशवी खुंटीला अडकवल्यानंतरची.

“कमान होती तोवरचं मी सांगेन,” मावशी म्हणाली. “पुढचं तिसऱ्या मजल्यावर जाऊन काकांना विचारा म्हणेन. ते जागे होते.”

आणि पाय लांब करून तिनं धाकटीला उशी सरकवायला सांगितली.